माल निघण्याआधी: एक्स्पोर्ट लायसन्स लागतं की नाही, हे कसं ठरवायचं?

"ताई, एक्स्पोर्ट लायसन्स काढून झालंय, आता फक्त माल पाठवायचाय." असा फोन महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कसलं लायसन्स, म्हणून विचारलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येऊन पडते. उघडून बघावं तर आयईसी.

आयईसी म्हणजे लायसन्स नव्हे. तो तुमच्या फर्मचा आयात-निर्यातीचा दहा अक्षर-आकड्यांचा नंबर आहे, आणि आता तुमचा पॅन हाच तो नंबर असतो. सरकारी फी ५०० रुपये, अर्ज घरबसल्या. (एजंटाने याचेच पाच हजार घेतले असतील तर मला सांगू नका, मलाच वाईट वाटतं.) दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन तो अपडेट करायचा, काही बदल नसला तरी. नाही केला तर बंद पडतो आणि शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा अर्ज) भरताना ते कळतं.

आयईसी सांगतो की तुम्ही निर्यात करू शकता. हा माल, या माणसाला, या देशात पाठवायला वेगळी परवानगी लागते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो सोडवायची रीत पुढे लिहिते आहे. लेख भारतातून माल पाठवणाऱ्यांसाठी आहे. दुबई किंवा न्यू जर्सीतून पाठवणाऱ्यांना तिथला कायदा लागतो.

एक दिलासा आधीच देते. आपल्याकडे १९९२ चा विदेशी व्यापार कायदा आणि त्याखालचं धोरण यांत मूळ भूमिका अशी की निर्यात खुली आहे, बंधन हा अपवाद. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर "लायसन्स लागत नाही" असंच निघतं. पण ते उत्तर तपासून निघालं पाहिजे. "शेजारच्या गाळ्यातले पाठवतात की" हे तपासणं नव्हे.

पहिली पायरी: माल कागदावर ओळखा

माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात, डिस्पॅचला. एकदा परदेशातल्या एका रसायन कारखान्यासाठी चाळीस व्हॉल्व्ह निघाले. अडतीस साध्या स्टेनलेस स्टीलचे, दोन आतून पीटीएफईचं (म्हणजे टेफ्लॉनचं) अस्तर लावलेले. पॅकिंग लिस्ट मीच टाइप केली होती. एअर कार्गोला अधिकाऱ्याने लिस्ट वाचता वाचता त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "स्कोमेट चेक केलंय का?" मी हा शब्द तोवर ऐकलेला नव्हता. (शस्त्रांच्याही कामी येऊ शकणाऱ्या मालाची ही यादी, चौथ्या पायरीत येते.) सीएचएने, म्हणजे आमच्या कस्टम एजंटाने, माझ्याकडे बघितलं, मी सीएचएकडे. शेवटी ते दोन काढून ठेवले, कागद नव्याने केले आणि बाकीचे अडतीस अकरा दिवसांनी गेले. तिकडे ग्राहकाचा प्लँट शटडाउनला होता, आमच्या मालाची वाट बघत.

चाळीसही व्हॉल्व्ह आमच्या लेखी "व्हॉल्व्ह"च होते. चूक तिथेच झाली. माल तुम्ही ज्या नावाने विकता त्या नावाला या तपासणीत फारशी किंमत नाही. तो कशाचा आहे, केवढा आहे, काय करू शकतो, यावर सगळं ठरतं. म्हणून पोर्टल उघडण्याआधी फाइल उघडा. यंत्राचा भाग असेल तर ड्रॉइंग, डेटाशीट आणि धातूचं मिल टेस्ट सर्टिफिकेट. रसायन असेल तर सीएएस नंबर (रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक) आणि मिश्रणातली टक्केवारी. इलेक्ट्रॉनिक वस्तू किंवा सॉफ्टवेअर असेल तर त्यात एन्क्रिप्शन आहे का, कोणतं, कशासाठी. शेतमाल असेल तर जात आणि रूप: ताजा, वाळवलेला, दळलेला, गोठवलेला. हे कागद विक्रीच्या माणसाकडे नसतात. डिझाइनवाल्याला किंवा क्वालिटीवाल्याला गाठा.

दुसरी पायरी: आठ आकडी कोड

प्रत्येक मालाला आयटीसी-एचएस कोड असतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. म्हणून ग्राहकाने ईमेलमध्ये त्याच्या देशाचा आठ किंवा दहा आकडी कोड पाठवला तर त्यातले पहिले सहाच उपयोगाचे, आणि तेही स्वतः तपासून. जीएसटी बिलावरचा एचएसएन कोडही डोळे झाकून उचलू नका. दर बरोबर लागला म्हणजे झालं, अशा बेताने तो चार आकड्यांत भागवलेला असतो.

कोड शोधताना वस्तूचं नाव नका शोधू, वर्णन वाचा. याचं माझं आवडतं उदाहरण कोल्हापुरी चप्पल. जागतिक कोडात ६४०३.२० ही एक ओळ आहे. तिचा मजकूर साधारण असा: चामड्याचा तळ, आणि वर पायावरून आडवे व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे असलेलं पादत्राण. नाव कुठल्याच गावाचं नाही, पण आपली चप्पल डोळ्यांसमोर उभी राहते. आता त्याच चपलेला रबरी तळ लावा. ती या ओळीतून बाहेर पडते, कारण ओळीत "चामड्याचा तळ" म्हटलंय.

कोडाच्या शेवटच्या आकड्यांत किती फरक पडतो हे बघायचं तर ऊस घ्या. गूळ आणि साखर दोन्ही १७०१ या एकाच शीर्षकाखाली येतात. १ जून २०२२ पासून साखरेची निर्यात बंधनाखाली आली, पण अधिसूचनेत लिहिलं होतं कच्ची, शुद्ध आणि पांढरी साखर, त्यांच्या आठ आकडी कोडांसकट. गुळाची ओळ वेगळी. चार आकड्यांवर थांबलेल्या माणसाला एकतर गूळ अडकला असं वाटलं असतं, किंवा साखर सुटली असं. दोन्ही चूक. कांद्याचंही तसंच: ताजा कांदा ०७०३ मध्ये, वाळवलेले काप आणि पावडर ०७१२ मध्ये.

दोन कोडांत खरोखर अडलात तर सीमाशुल्क खात्याचं आगाऊ निर्णय प्राधिकरण मुंबईत आहे, तिथून लेखी निर्णय मिळतो. रोजच्या मालाला एवढं करावं लागत नाही. अनुभवी सीएचए पुरतो. फक्त त्याला वस्तूचं नाव सांगून सोडू नका, डेटाशीट द्या.

तिसरी पायरी: शेड्यूल दोन, आणि आजची तारीख

कोड हातात आला की डीजीएफटीच्या (विदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर आयटीसी-एचएसचं शेड्यूल दोन उघडा. शेड्यूल एक आयातीचं, त्यात शिरू नका. नवखे हमखास तिथे शिरतात. तुमच्या कोडासमोर चारपैकी एक शेरा दिसेल.

"फ्री" म्हणजे लायसन्स नको. पण शेजारचा अटींचा रकाना वाचल्याशिवाय उठू नका. फ्री लिहून पुढे किमान भाव, नोंदणी किंवा तपासणीची अट घातलेली असते. "रिस्ट्रिक्टेड" म्हणजे डीजीएफटीची परवानगी हवी. आपण जिला लायसन्स म्हणतो तिला तिथे ऑथोरायझेशन म्हणतात. "प्रोहिबिटेड" म्हणजे नाहीच, अर्ज करूनही नाही. मोराची पिसं, वन्य प्राण्यांचे अवयव, गोमांस ही त्यातली नेहमीची नावं. चौथा शेरा "एसटीई". म्हणजे तो माल ठरावीक सरकारी संस्थेमार्फतच जाऊ शकतो.

या चौथ्या शेऱ्याचा एक नमुना आपल्याच किनाऱ्यावर आहे. लोहखनिजात लोहाचं प्रमाण ६४ टक्क्यांपर्यंत असेल तर निर्यात खुली, त्याहून जास्त असेल तर सरकारी संस्थेमार्फत, असा सर्वसाधारण नियम. पण सिंधुदुर्गातल्या रेडीच्या खनिजाला टक्केवारी काही असो, मोकळीक. गोव्याच्या खनिजालाही आहे, पण चीन, जपान, दक्षिण कोरिया, तैवान आणि युरोप एवढ्यापुरतीच. वस्तू एक, धातू एक, आणि उत्तर ठरतं कुठल्या डोंगरातून काढलं आणि कुठे चाललं यावर. अटींचा रकाना का वाचायचा, ते यावरून कळावं.

आता तारीख. शेतमालवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. कांदा ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून बंद झाला, ३१ मार्च २०२४ पर्यंत. मुदत संपायच्या आधी ती वाढवली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान भाव गेला आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. म्हणजे दीड वर्षाच्या आत "लायसन्स लागतं का" या प्रश्नाची उत्तरं चार झाली, आणि लासलगावात बसून प्रत्येक वेळी मागचंच उत्तर धरून सौदा करणारे मी पाहिलेत. किमान भाव किंवा शुल्क म्हणजे लायसन्स नव्हे, पण ग्राहकाशी ४०० डॉलरने ठरलं असेल आणि किमान भाव ५५० असेल तर लायसन्स असून काय उपयोग?

म्हणून शेड्यूलची पीडीएफ कॉम्प्युटरमध्ये साठवून तीच वर्षभर वापरू नका. शेड्यूल बघा, त्यानंतर त्या वस्तूवर निघालेल्या अधिसूचना बघा. हे तीनदा करा: भाव सांगताना, ऑर्डर घेताना आणि शिपिंग बिलाच्या दिवशी. अध्येमध्ये बंधन आलंच, तर आधी उघडलेल्या आणि रद्द न होणाऱ्या लेटर ऑफ क्रेडिटला (ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीला) धोरणात संरक्षण आहे. ते ठरलेल्या मुदतीत डीजीएफटीकडे नोंदवावं लागतं. पण त्यावर फार विसंबू नका. घाईच्या बंदीत "ही सवलत लागू नाही" असं अधिसूचनेतच लिहून येतं.

चौथी पायरी: स्कोमेट, जिथे खरी गडबड होते

कोड फ्री निघाला की नव्वद टक्के लोक इथे थांबतात. मीही थांबले होते. आमच्या चाळीस व्हॉल्व्हचा कोड ८४८१ मधला, समोर स्वच्छ "फ्री".

स्कोमेट ही शेड्यूल दोनला जोडलेली वेगळी यादी आहे, परिशिष्ट तीन. खास रसायनं, जीवाणू-विषाणू, साहित्य, यंत्रं आणि तंत्रज्ञान यांची. या वस्तू नागरी कामाच्याही असतात आणि शस्त्रांच्याही. या यादीला एचएस कोडाशी देणंघेणं नाही. तिची स्वतःची क्रमवारी आहे आणि शेड्यूलमध्ये फ्री दिसणारी वस्तू तिच्यात असली तर परवानगी लागतेच.

यादीत शून्य ते आठ असे वर्ग आहेत. शून्य अणुसामग्रीचा, त्याची परवानगी अणुऊर्जा विभाग देतो. सहावा शस्त्रसामग्रीचा, तो संरक्षण उत्पादन विभागाकडे. सातवा रिकामा ठेवलाय. उरलेले डीजीएफटीकडे: पहिल्यात विषारी रसायनं, दुसऱ्यात सूक्ष्मजीव, तिसऱ्यात साहित्य आणि प्रक्रिया-यंत्रं, चौथ्यात अणुक्षेत्राशी संबंधित इतर उपकरणं, पाचव्यात अवकाश-विमान सामग्री, आणि आठव्यात इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, दूरसंचार, सेन्सर-लेझर, नॅव्हिगेशन वगैरे मोठा पसारा. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या गटात, २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात गेला. अशा मालावर नियंत्रण ठेवणाऱ्या या देशगटांच्या याद्या यात उतरल्या आहेत, त्यामुळे भाषा किचकट आहे.

ती वाचायची कशी, ते व्हॉल्व्हवरच दाखवते. तिसऱ्या वर्गात रसायन-प्रक्रियेच्या यंत्रांचा भाग आहे. तिथे व्हॉल्व्हची अट थोडक्यात अशी: नाममात्र आकार १० मिलिमीटरहून मोठा, आणि रसायनाला लागणारा सगळा पृष्ठभाग दिलेल्या साहित्यांपैकी एकाचा. ती साहित्यं म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त निकेल असलेले मिश्रधातू, २५ टक्क्यांहून जास्त निकेल आणि २० टक्क्यांहून जास्त क्रोमियम असे दोन्ही असलेले मिश्रधातू, फ्लुओरोपॉलिमर, काच, टँटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम आणि असेच आणखी काही.

आता फाइल काढा. स्टेनलेस ३१६ चं कास्टिंग, म्हणजे सीएफ८एम, त्यात निकेल ९ ते १२ टक्के. सुटलं. हॅस्टेलॉय सी-२७६ मध्ये निम्म्याहून जास्त निकेल. अडकलं. पीटीएफई अस्तराचा व्हॉल्व्ह, अस्तर फ्लुओरोपॉलिमरचं आणि रसायन फक्त त्यालाच लागतं. अडकला, तेच आमचे दोन. मग साध्या स्टीलच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये पीटीएफईची सीट असते, त्याचं काय? घाबरू नका. बदलता येणारे सील, गॅस्केट, पॅकिंग असल्या भागांच्या साहित्यावरून निर्णय होत नाही.

आणि मग येतो अलॉय २०. त्याचं कास्टिंग सीएन७एम. निकेल २७.५ ते ३०.५ टक्के, म्हणजे जोडीच्या अटीतला २५ टक्के निकेलचा भाग पार. क्रोमियम १९ ते २२. इथे ग्रेडचं नाव काहीच सांगत नाही. एका हीटमध्ये (म्हणजे धातूच्या एका वितळणीत) क्रोमियम १९.६ आलं तर व्हॉल्व्ह यादीबाहेर, पुढच्या हीटमध्ये २०.४ आलं तर यादीत. एकाच ड्रॉइंगचे, एकाच दिवशी मशीनवर चढलेले दोन व्हॉल्व्ह. म्हणून मी सर्टिफिकेटवरच्या हीट नंबरसमोर पेन्सिलने खूण करूनच पुढे जाते. शंका असेल तिथे अडकलं असं धरावं, हे माझं मत.

पंप, हीट एक्स्चेंजर, रिअ‍ॅक्टर यांचंही असंच, फक्त आकडे वेगळे. रिअ‍ॅक्टरला १०० लिटरहून जास्त आणि २०,००० लिटरहून कमी अशी दोन्हीकडून मर्यादा आहे. फार मोठा असेल तर सुटतो, हे ऐकून नवखे इंजिनिअर हसतात. पण यादी अशीच वाचायची असते: "आणि" कुठे आहे, "किंवा" कुठे आहे, "हून जास्त" की "इतकं किंवा जास्त".

रसायनवाल्यांसाठी एक उदाहरण. ट्रायइथेनॉलअमाइन हे क्रीम-लोशनमध्ये वापरतात, सिमेंट दळतानाही वापरतात. ते रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणून स्कोमेटच्या पहिल्या वर्गातही. करारातल्या देशांना असा माल पाठवणं सोपं आहे, नंतर ठरलेल्या कार्यालयांना कळवायचं असतं. कराराबाहेरच्या देशांना मात्र लायसन्स. कराराबाहेर कोण? उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदानकडून तुम्हाला ऑर्डर येणार नाही. इजिप्त आणि इस्रायलकडून येऊ शकते, आणि तेही बाहेर आहेत.

सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं हे सगळं लोखंडवाल्यांचं. आठव्या वर्गात माहिती-सुरक्षेचा भाग आहे आणि तिथे सिमेट्रिक एन्क्रिप्शनची रेषा ५६ बिटांच्या किल्लीवर आहे, त्याहून लांब किल्ली यादीत येते. आज १२८ बिटांखाली कोण काम करतं? बाजारात कुणालाही विकत मिळणाऱ्या आणि ग्राहक स्वतः बसवू शकेल अशा साध्या उत्पादनांना सूट आहे, म्हणून मोबाइल अ‍ॅपवाल्यांची झोप उडायला नको. पण एखाद्या परदेशी बँकेसाठी किंवा दूरसंचार कंपनीसाठी खास बनवलेली सुरक्षा-प्रणाली असेल तर ओळ न् ओळ वाचा. ईमेलने पाठवलेलं ड्रॉइंग आणि सर्व्हरवर परदेशी माणसाला दिलेला प्रवेश हीसुद्धा निर्यातच. तिथे वाटेत कस्टमचा माणूस नसतो. दोन ओळींवर बोट ठेवणारं कुणी नसणं, याला मी सोय म्हणत नाही.

ड्रोनवाल्यांना जून २०२३ पासून थोडी मोकळीक आहे. पल्ला २५ किलोमीटरपर्यंत, भार २५ किलोपर्यंत आणि वापर नागरी असेल तर प्रत्येक ऑर्डरला वेगळी परवानगी न घेता तीन वर्षांची एकच सर्वसाधारण परवानगी काढता येते. सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान त्यात धरलेलं नाही. अशा सर्वसाधारण परवानग्या दूरसंचार, माहिती-सुरक्षा आणि काही रसायनांसाठीही आल्या आहेत. तुम्ही यादीत अडकलात तर आधी त्या शोधा.

पाचवी पायरी: घेणारा कोण?

माल कुठल्याच यादीत नाही. तरीही तो सामूहिक संहाराच्या अस्त्रांसाठी किंवा ती वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी वापरला जाणार आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा तसं मानायला कारण असेल, तर परवानगी लागते. २००५ चा यासाठीचा वेगळा कायदा आहे आणि तो फौजदारी आहे. "किंवा मानायला कारण असेल" हे शब्द महत्त्वाचे. मला काय माहीत, असं म्हणून सुटता येत नाही.

मानायला कारण म्हणजे काय, ते दुकानदाराला शिकवावं लागत नाही. उधारीवर माल मागणाऱ्या नवख्या गिऱ्हाइकाला तुम्ही ज्या नजरेने बघता, तीच नजर. बेकरीचं सामान विकणारी फर्म व्हॅक्युम पंप का मागते आहे? एवढं महाग यंत्र घेऊन बसवायला माणूस नको का म्हणते? शेवटचा पत्ता विचारला की फ्रेट फॉरवर्डरच्या गोदामाचाच पत्ता का येतो? भाव न घासता पूर्ण पैसे आगाऊ का? एखादी गोष्ट विचित्र असेल तर विचारून घ्या. दोन-तीन एकदम दिसल्या तर थांबा आणि डीजीएफटीला लेखी कळवून विचारा.

देशांचं वेगळं बघायचं. धोरणाच्या दुसऱ्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे काही देशांबाबत खास मनाया आहेत. आणि तुमच्या यंत्रात अमेरिकी चिप किंवा सॉफ्टवेअर असेल तर अमेरिकेचा कायदाही मागे लागतो. तिथल्या नियंत्रित भागांची किंमत तुमच्या यंत्राच्या किमतीच्या २५ टक्क्यांहून जास्त, आणि निर्बंध असलेल्या काही देशांसाठी १० टक्क्यांहून जास्त असेल तर साधारणपणे त्यांचीही परवानगी लागू होते. पुरवठादाराकडून त्या भागाचा वर्गीकरण क्रमांक लेखी मागून ठेवा.

सहावी पायरी: बाकीची खाती

ही भरभर सांगते, कारण ज्याला लागतं त्याला आपापल्या धंद्यात बहुधा माहीत असतं. गुंगी आणणारी औषधं आणि त्यांचा कच्चा माल असेल तर ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचं ना हरकत पत्र. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा, आणि हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची. आजोबांचा पितळी समया-तांब्यांचा पेटारा मुलीकडे कॅनडाला पाठवताना पुरातत्त्व खात्याचं "ही पुरावस्तू नाही" असं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, उगमाचा दाखला ही लायसन्सं नव्हेत. माल त्यांच्याशिवाय अडतो हे खरं, पण त्यांची तयारी वेगळी करायची.

मिरजेच्या वाद्यांचं मात्र आवर्जून सांगते. सतार, तंबोरा परदेशी शिष्यांना सर्रास जातात आणि कोड बघितला की सगळं मोकळं दिसतं. पण तारांखालची घोडी सांबरशिंगाची असेल तर वाद्य नव्हे, घोडी अडवते. वन्यजीव कायद्याने ती पाठवायला मनाई आहे. परदेशी जाणाऱ्या वाद्याला हाडाची किंवा कृत्रिम घोडी लावा, आणि बिलावर ती कशाची आहे ते लिहा.

आणखी एक. फुकट नमुना, दुरुस्तीला परत जाणारा भाग, प्रदर्शनाला हातात नेलेलं यंत्र हीसुद्धा निर्यातच. बिलावर "किंमत नाही" लिहिल्याने यादी बदलत नाही.

सातवी पायरी: उत्तर लिहून ठेवा

"लागत नाही" हे उत्तरही कागदावर हवं. माझ्याकडे प्रत्येक मॉडेलला एक पान असतं. वर मॉडेल आणि ड्रॉइंग नंबर. खाली आठ आकडी कोड आणि तो का, एका वाक्यात. मग शेड्यूल दोनचा शेरा, बघितल्याची तारीख आणि पानाचा स्क्रीनशॉट. मग स्कोमेटचा कुठला भाग वाचला, आणि कुठल्या अटीवर माल बाहेर पडला: "निकेल १०.२ टक्के, मर्यादेखाली, हीट नंबर अमुक." शेवटी तपासणाऱ्याची सही. स्कोमेटच्या मालाचे कागद ५ वर्षं ठेवायचे असतात. मी सगळेच ठेवते. अधिकाऱ्याने विचारलं आणि हे पान पुढे सरकवलं, तर बोलणं तिथेच संपतं. नाही सरकवता आलं आणि उल्लंघन ठरलं, तर १९९२ च्या कायद्यात दंड किमान १०,००० रुपये आणि मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत आहे. सीमाशुल्क कायद्याने माल जप्त होऊ शकतो तो वेगळाच.

लागतं असं निघालं तर

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवरच होतो. स्कोमेटच्या अर्जाला ग्राहकाची पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), मालाची तांत्रिक माहिती आणि एंड यूजर सर्टिफिकेट (माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार याचा दाखला) लागतं. मधे कुणी व्यापारी असेल तर साखळीतल्या सगळ्यांची नावं त्यात हवीत. अर्ज बहुतेक वेळा आंतर-मंत्रालयीन गटासमोर जातो. क्वेरी येतात त्या बहुधा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवर: पीओवरचा पत्ता एक, सर्टिफिकेटवरचा दुसरा, पीओत सहा नग, अर्जात आठ, वापराच्या रकान्यात नुसतं "औद्योगिक उपयोग". कोणता प्लँट, कोणती लाइन, कोणतं रसायन वाहणार, हे ग्राहकाकडून त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या. तो कुरकुरेल. त्याला सांगा, हे तुमचाच माल वेळेत यावा म्हणून.

पीओशिवाय अर्ज होत नाही आणि परवानगीशिवाय माल निघत नाही. म्हणजे मधला काळ तुमच्या डोक्यावर. त्यासाठी कोटेशनमध्येच लिहा: "डिलिव्हरी निर्यात परवानगी मिळाल्यापासून दहा आठवडे." पीओच्या तारखेपासून मोजायचं कबूल केलंत तर उशिराचा दंड तुम्ही भराल. मी स्वतः अशा मालाला आठवडे नाही, महिने धरते.

परवानगी त्या मालाची, त्या संख्येची आणि त्या ग्राहकाची असते. त्याच ग्राहकाची तीच ऑर्डर पुन्हा आली तर वाट सोपी होते, पण अर्ज नवा करावाच लागतो. आणि स्कोमेटची यादी अधूनमधून सुधारली जाते. ती बदलली की माझ्या कपाटातली "लागत नाही" म्हणणारी सगळी पानं मी खाली काढते आणि पहिल्यापासून वाचत बसते. भोसरीच्या त्या कारखान्याने नंतर चौकशीच्या फॉर्मवरच एक रकाना छापून घेतला: रसायनाला लागणारा भाग कशाचा? विक्रीचा माणूस तो भरल्याशिवाय भाव सांगत नाही.